मुहूर्त कोणी काढायचा?

तुळशीचे लग्न लागले की आपल्याकडे लग्नसराईची लगबग सुरू होते. कार्यालय, आचारी, सोनार आणि शिंपी यांच्या यादीत गेल्या काही वर्षांत एका नव्या नावाची भर पडली आहे. ते नाव सौंदर्यशल्यविशारदाचे. बोहल्यावर चढणारी मुले वयाने लहान असतात. परंतु विहीण म्हणून मिरवणारी आई आणि कन्यादान करणारा बाप पन्नाशीच्या आगेमागे असतात. डोळ्यांखाली लोंबणारी कातडी, सुटलेले पोट, विरळ झालेले केस या गोष्टी छायाचित्रांत कायमच्या राहतील, ही चिंता त्यांना असते. ‘सकाळी या, संध्याकाळी घरी जा’ असे सांगणारी जाहिरात नेमकी याच चिंतेला हात घालते. आणि पन्नाशीचे हेच वय मधुमेहाने घरात बिऱ्हाड करण्याचेही असते. या दोन गोष्टी एकाच देहात एकत्र आल्या म्हणजे काय होते, याची चर्चा आपल्याकडे पुरेशी होत नाही. ती व्हावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

हा प्रश्न चार श्रीमंतांच्या चोचल्यांचा आहे असे कोणास वाटत असेल, तर त्याने प्रथम आकडे पाहावेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्याने देशभर झालेल्या मधुमेहविषयक पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. एक लाख तेरा हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी करून काढलेल्या या निष्कर्षांनुसार देशातील प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के, म्हणजे सुमारे १० कोटी १० लाख माणसे, एवढे भरले. साऱ्या राज्यांत सर्वांत वरचा क्रमांक लागला तो आपल्या गोव्याचा. येथे हे प्रमाण २६.४ टक्के आढळले. चार प्रौढ एकत्र बसले तर त्यांतील एक मधुमेही, असा याचा सरळ अर्थ. मध्य प्रदेशासारख्या राज्यांत हे प्रमाण आज पुष्कळ कमी असले तरी मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांची संख्या तेथे मोठी आहे, असा इशाराही याच पाहणीने दिला. वास्कोहून सुटणारी गोवा एक्स्प्रेस ग्वाल्हेरवरूनच दिल्लीस जाते. रोगाच्या बाबतीतही गोवा आणि ग्वाल्हेर ही एकाच मार्गावरील दोन स्थानके आहेत. एक पुढचे आणि दुसरे मागचे, एवढाच काय तो फरक.

सौंदर्याची इच्छा हे पाप आहे, असे आम्ही मुळीच मानत नाही. रूप सुधारण्याची विद्या या देशाला परकी नाही. सुश्रुतसंहितेत कापलेले नाक नव्याने घडविण्याची कृती सांगितलेली आहे. १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये पुण्याकडील एका शस्त्रक्रियेची सचित्र हकिकत छापली गेली. इंग्रजांच्या फौजेकडे असलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला टिपूच्या लोकांनी पकडून त्याचे नाक कापले होते. त्याला पुण्याजवळच्या एका देशी कारागिराने कपाळाची कातडी वळवून नवे नाक दिले. ही हकिकत वाचून युरोपातील शल्यविशारद खडबडून जागे झाले आणि पुढे त्यांनी ही पद्धत उचलली. स्वतंत्र भारतात प्लास्टिक सर्जरीचा पहिला स्वतंत्र विभाग १९५८ साली नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. बाळकृष्णन यांनी उभारला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी कुष्ठरुग्णांचे हात आणि चेहरे पुन्हा घडवून त्यांना समाजात परत आणले. या विद्येची ही परंपरा आहे.

परंतु ज्या सुश्रुतसंहितेचा आपण अभिमानाने उल्लेख करतो, तिच्यातच मधुमेही माणसाचे व्रण कष्टाने भरून येतात, असेही स्पष्टपणे नमूद आहे. नाकाची कृती सांगणाऱ्या ग्रंथाने जखमेची धोक्याची सूचनाही दिली. आपण पहिली गोष्ट सभासंमेलनांत सांगतो आणि दुसरी विसरतो. आजचे वैद्यकशास्त्र त्याच अनुभवाची कारणमीमांसा करते. रक्तातील साखर दीर्घकाळ चढी राहिली म्हणजे सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडतात आणि जखमेला प्राणवायू पुरेसा पोहोचत नाही. जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. नव्या ऊतींचे विणकाम सैल होते. सौंदर्यशस्त्रक्रियेत तर पुष्कळदा कातडीचा पदर उचलून, ताणून दुसरीकडे बसविलेला असतो. त्याचा रक्तपुरवठा आधीच तोकडा असतो. तेथे साखरेची भर पडली की टाके उसवणे, कडा काळ्या पडणे, पू होणे हे ओघानेच येते. रूपासाठी केलेली जखम अखेरीस कुरूप व्रण ठेवून जावी, याहून मोठा उपरोध कोणता?

येथे एका भेदाकडे वाचकांचे लक्ष वेधणे आवश्यक आहे. आंत्रपुच्छ सुजले, पायाला गँगरीन झाले किंवा अपघात झाला, तर साखर कितीही असो, शस्त्रक्रिया करावीच लागते. तेथे थांबणे हाच धोका असतो. पोटाची चरबी, नाकाचा बाक आणि डोक्यावरचे टक्कल यांची गोष्ट निराळी. त्या तीन महिने थांबल्या तर कोणाचेही प्राण जात नाहीत. शासनानेही हा भेद मानलेला आहे. वैद्यकीय सेवेला वस्तू व सेवा करातून जी सूट आहे ती केशरोपणाला आणि सौंदर्यशस्त्रक्रियेला मिळत नाही. जन्मजात व्यंग वा इजा यांमुळे केलेली दुरुस्ती तेवढी अपवाद. आरोग्यविम्याच्या करारांतूनही निव्वळ सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया सर्रास वगळलेली असते. अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना तेवढी वेगळी धरतात. म्हणजे कर घेणारे आणि विमा उतरविणारे दोघेही ही ऐच्छिक बाब आहे असे म्हणतात. देहाला मात्र हा भेद कळत नाही. सुरी हौसेची असो की निकडीची, जखम ती जखमच.

तेव्हा ऐच्छिक शस्त्रक्रियेतील सर्वांत मोठे औषध म्हणजे थांबण्याची मोकळीक. निकडीच्या रुग्णाला जी चैन परवडत नाही, ती या रुग्णाच्या हाती असते. दुर्दैवाने नेमकी तीच तो प्रथम गमावतो. कारण मुहूर्त पंचांगाने काढलेला असतो आणि सवलत महिनाअखेर संपणार असते. ‘उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग’ ही म्हण आपण नवऱ्यासाठी राखून ठेवली होती. ती आता व्याह्यालाही लावावी लागणार की काय? आमचे म्हणणे थोडक्यात असे की, मधुमेह्याच्या ऐच्छिक शस्त्रक्रियेचा दिवस पंचांगाने नव्हे, जाहिरातीने नव्हे, तर त्याच्या रक्ताने ठरवावा.

रक्ताने ठरवावा म्हणजे नेमके काय? पुष्कळ ठिकाणी शस्त्रक्रियेच्या सकाळी बोटाला सुई टोचून साखर पाहिली, आकडा बरा दिसला की काम भागले असे समजतात. रात्रभर उपाशी असलेल्या माणसाचा एका सकाळचा आकडा मागील महिन्यांची कथा सांगत नाही. ती सांगते ‘एचबीएवनसी’ नावाची चाचणी. तांबड्या रक्तपेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्याने ही चाचणी दोनतीन महिन्यांच्या सरासरीचा हिशेब मांडते. अमेरिकेतील मधुमेह संघटनेची शिफारस अशी की, ऐच्छिक शस्त्रक्रियेपूर्वी हा आकडा शक्य तेथे ८ टक्क्यांच्या खाली असावा. ब्रिटनमध्ये ही मर्यादा साडेआठ टक्क्यांच्या आसपास धरतात. शस्त्रक्रियेच्या वेळी साखर १०० ते १८० मिलिग्रॅमच्या दरम्यान राखावी, असाही संकेत आहे. अंगात रक्त कमी असेल किंवा नुकतेच रक्त चढविले असेल तर एचबीएवनसीचा आकडा फसवू शकतो. आपल्याकडील स्त्रियांत पंडुरोगाचे प्रमाण पाहता हे विसरून चालणार नाही. अशा वेळी घरच्या घरी घेतलेल्या दोनतीन आठवड्यांच्या नोंदींची वही अधिक विश्वासाची ठरते.

आकडा नऊ वा दहा निघाला तर कार्य संपले असे नव्हे. आहार, व्यायाम आणि औषधे यांची फेरमांडणी करून तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. मात्र तारीख गाठण्यासाठी साखर झपाट्याने खाली आणण्याचा अट्टाहासही घातक असतो. ज्यांच्या दृष्टिपटलाला आधीच इजा झालेली आहे, त्यांची दृष्टी अशा घाईने बिघडल्याची उदाहरणे वैद्यकाला ठाऊक आहेत. म्हणून डोळे, मूत्रपिंड आणि हृदय यांची तपासणी आधी हवी. मधुमेह्याच्या नसा बधिर झालेल्या असतात. त्याला हृदयविकाराचा झटका छातीत कळ न येताही येऊन जातो. ‘मला काही त्रास नाही’ या त्याच्या शब्दावर भूलतज्ज्ञाने विसंबू नये. तंबाखू आणि विडीसिगारेट किमान चार आठवडे आधी बंद व्हावी, हे तर सांगावयासच नको.

आता औषधांविषयी. यात नव्याने उद्भवलेले दोन धोके रुग्णांना तर नाहीच, पण सौंदर्याची दुकाने थाटलेल्या काही मंडळींनाही उमगलेले दिसत नाहीत. ज्या गोळ्यांच्या मूळ नावाचा शेवट ‘ग्लिफ्लोझिन’ असा होतो, त्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन इत्यादी गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. एकाधिकाराची मुदत संपल्यावर त्या स्वस्त झाल्या आणि घरोघरी पोहोचल्या. हृदय आणि मूत्रपिंड यांना त्या हितकारक आहेत, यात शंका नाही. परंतु उपवास आणि शस्त्रक्रियेचा ताण यांच्या जोडीने त्या रक्त आम्लयुक्त करू शकतात. या अवस्थेला कीटोअ‍ॅसिडोसिस म्हणतात. यातील कपट असे की, साखर मोजणारे यंत्र आकडा जवळपास ठीक दाखविते आणि रुग्ण मात्र उलट्या, धाप व ग्लानी यांनी खचत जातो. म्हणून या गोळ्या शस्त्रक्रियेपूर्वी तीन दिवस, त्यांतील एक प्रकार चार दिवस, बंद ठेवावयाच्या असतात. सकाळी अकरा वाजता येऊन दुपारी खाटेवर झोपणाऱ्या माणसाला हे तीन दिवस आधी कोणी सांगावयाचे?

दुसरा धोका वजन उतरविणाऱ्या आठवडी इंजेक्शनांचा. तिर्झेपाटाइड आणि सेमाग्लुटाइड ही औषधे २०२५ पासून आपल्याकडे विशेष गाजू लागली. वजन उतरले की कातडी सैल पडते आणि मग ती कापून घेण्याची इच्छा होते. म्हणजे एका उपचारातून दुसऱ्याची वाट निघते. ही औषधे जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतात. आठ तास उपाशी असलेल्या माणसाच्या पोटातही अन्न उरलेले असू शकते आणि भूल दिल्यावर ते फुप्फुसात शिरण्याची भीती असते. औषध काही काळ थांबवावे, की आदला दिवस केवळ पातळ आहारावर काढावा, याचा निर्णय भूलतज्ज्ञ आणि मधुमेहतज्ज्ञ यांनी मिळून घ्यावयाचा आहे. तो घेता यावा म्हणून रुग्णाने काहीही लपवू नये. इन्सुलिनविषयी एवढेच लक्षात ठेवावे की, ‘उद्या उपास, म्हणून आज सुई नको’ असा परस्पर निर्णय घेणे सर्वथा चूक. मात्रा कमी करावयाची असते, ती वैद्याच्या सांगण्यावरून. बालवयापासून इन्सुलिनवर असलेल्या रुग्णाचे मूळ इन्सुलिन तर कधीच पूर्ण बंद करावयाचे नसते.

चरबी काढून घेतली की मधुमेहही जाईल, असाही एक गोड समज पसरविला जातो. त्याचा निकाल २००४ सालीच लागलेला आहे. अमेरिकेतील सेंट लुइस येथील संशोधकांनी पंधरा स्थूल स्त्रियांच्या, ज्यांत सात मधुमेही होत्या, पोटाच्या कातडीखालची मोठ्या प्रमाणातील चरबी काढून पाहिली. वजन उतरले, पण इन्सुलिनला दाद देण्याची शरीराची शक्ती काही सुधारली नाही. जठर व आतडे यांवरील वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेने मधुमेह आटोक्यात येतो, ही गोष्ट वेगळी. दोहोंची गल्लत करून ग्राहक जमविणे हा प्रामाणिक व्यवहार नव्हे.

आता ग्वाल्हेरकडे वळू. शिंद्यांच्या काळापासून लष्कर भागात नांदणारी मराठी कुटुंबे, जयारोग्य रुग्णालय आणि १९४६ साली स्थापन झालेले गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालय यांमुळे ते नगर वैद्यकाच्या बाबतीत दरिद्री नाही. तरीही मोठ्या नगरीच्या नावाची भुरळ कोणाला चुकली आहे? ग्वाल्हेरचा माणूस सव्वातीनशे किलोमीटरवरच्या दिल्लीस जातो. गोमंतकीय मुंबई वा बंगळुरू गाठतो. उलट गोव्यात सुटीला येऊन त्याच फेरीत शस्त्रक्रिया उरकून जाणारेही आहेत. शस्त्रक्रिया एका गावी आणि पाठपुरावा दुसऱ्या गावी, असा हा संसार. जखम चिघळते ती बहुधा पहिल्या दिवशी नव्हे, तर काही दिवसांनी. त्या वेळी शल्यविशारद शेकडो कोसांवर असतो. गावातील डॉक्टरपुढे धड कागदही नसतो. लांबच्या प्रवासात पाय लोंबकळत बसल्याने शिरांत रक्त गोठण्याचा धोका वाढतो, तो वेगळाच. आणि अखेर हा रुग्ण ग्वाल्हेरात असेल तर जयारोग्यच्या, आणि गोव्यात असेल तर बांबोळीच्या दारात येतो. नफा खासगी आणि निस्तरणे सरकारी, असा हा हिशेब आहे.

हे भय काल्पनिक नव्हे. मे २०२२ मध्ये बंगळुरूत चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर एकवीस वर्षांची कन्नड अभिनेत्री मरण पावली. २०२५ साली ग्वाल्हेरहून फारशा दूर नसलेल्या कानपुरात केशरोपणानंतर झालेले अभियंत्यांचे मृत्यू उजेडात आले आणि दंतवैद्यकाची पदवी असलेल्या व्यक्तीवर गुन्हा नोंदला गेला. दोषादोष न्यायालय ठरवील. ही माणसे मधुमेही होती म्हणून दगावली, असेही आमचे म्हणणे नाही. परंतु धडधाकट तरुणांची ही गत होऊ शकते, तर अनेक वर्षांच्या मधुमेह्याच्या बाबतीत सावधगिरी किती असावी, याचा विचार प्रत्येकाने करावा. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमंडळाने सप्टेंबर २०२२ मध्येच बजावले आहे की, कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून मिळविलेले ज्ञान म्हणजे केशरोपणाचे प्रशिक्षण नव्हे. बजावणी झाली, अंमलबजावणी कोठे आहे?

कायद्यांची आपल्याकडे वाण नाही. महाराष्ट्रात शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा १९४९ पासून आहे, मध्य प्रदेशात १९७३ पासून, आणि गोव्याने आपला कायदा २०१९ साली केला. या कायद्यांच्या आधारे राज्य सरकारांनी तीन गोष्टी तरी बंधनकारक कराव्यात, अशी आमची मागणी आहे. प्रत्येक सौंदर्यकेंद्राच्या दर्शनी भागी शस्त्रक्रिया करणाऱ्याची आणि भूल देणाऱ्याची पदवी व नोंदणी क्रमांक मराठीत, कोंकणीत वा हिंदीत, रुग्णाला वाचता येईल असा लिहिलेला असावा. ऐच्छिक शस्त्रक्रियेपूर्वी मधुमेह्याचा एचबीएवनसी आकडा आणि चालू औषधांची यादी नोंदवहीत चढविल्याखेरीज सुरी हाती धरू नये. आणि प्रकृती बिघडल्यास रुग्णाला कोणत्या अतिदक्षता विभागात हलविणार, ते संमतिपत्रातच नमूद असावे. संमती म्हणजे ठिपक्यांच्या रेघेवरील सही नव्हे. धोके आणि पर्याय समजून दिलेला होकार म्हणजे संमती, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालीच सांगून ठेवले आहे.

घरच्या माणसांनाही आमचे सांगणे आहे. आपल्या नेहमीच्या मधुमेहाच्या डॉक्टरला न विचारता तारीख घेऊ नका. पहाटेची पहिली पाळी मागा, म्हणजे उपास लांबणार नाही. परगावी गेलात तर पहिली तपासणी होईपर्यंत तेथेच राहा, आणि गावातील डॉक्टरला आधीच कल्पना देऊन शस्त्रक्रियेचे कागद सोबत आणा. ताप, वाढती लाली, घाण वास, उलट्या, धाप किंवा खाली न उतरणारी साखर यांपैकी काहीही दिसले तर ‘उद्या पाहू’ म्हणू नका. दुखणे हत्तीच्या पावलांनी येते असे आपण म्हणतो. मधुमेह्याची जखम मात्र मुंगीच्या पावलांनी बिघडते आणि लक्षात येते तेव्हा ती हत्ती झालेली असते.

‘आज नको, तीन महिन्यांनी या’ असे सांगणारा डॉक्टर रुग्णाला रुचत नाही. तो ग्राहक गमावतो आणि ते गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. अशा डॉक्टरला धंद्यात तोटा होऊ नये, याची व्यवस्था शासनाने नियमांनी करावी आणि समाजाने विवेकाने करावी. लग्नाच्या छायाचित्रात आईच्या डोळ्यांखालची वळी दिसली तर कोणाचे काही बिघडत नाही. त्या छायाचित्रात आई असणे महत्त्वाचे.